चाक आणि गाडी यांमधील चकती

शाळेच्या वार्षिक क्रीडासमारंभाच्या दिवशीं आमच्या मैदानाबाहेर पुष्कळ मोटारी उभ्या असतात. यंदा त्यांत एक लहानशी पांढरी गाडी होती, आणि तिच्याभोंवतीं मैदानाइतकीच गर्दी जमली होती. कारण असें कीं, तिचीं चाकें कारखान्यांतून आलेलीं मूळचीं नव्हतीं. तीं मिश्रधातूचीं, चकचकीत, रुंद आणि मडगार्डाच्या कडेपासून चांगलीं दोन बोटें बाहेर आलेलीं होतीं. इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्यानें खालीं वांकून पाहिलें व आम्हांस विचारलें, "सर, चाकाच्या मागें ही जाड चकती कसली?" शेजारीं उभा असलेला दुसरा ऐटीनें म्हणाला, "तो स्पेसर. आमचा दादाही बसवणार आहे." तिसऱ्यानें लगेच सांगितलें, "माझे बाबा म्हणतात, त्यानें चाक निघून जातें."

त्या दिवशीं शर्यतीची शिट्टी झाली आणि उत्तर देण्याचें राहून गेलें. परंतु प्रश्न मनांतून गेला नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं आज मोटार आहे, आणि ज्यांच्या घरीं नाहीं तेही उद्यां मोटार चालवितील किंवा दुरुस्त करतील. शिवाय ह्या एका चकतींत भूमिति, घर्षण आणि तरफ हे वर्गांत शिकविले जाणारे तीनही विषय एकत्र आले आहेत. म्हणून ह्या अंकांत आम्ही त्या तीन मुलांस, आणि त्यांच्या निमित्तानें सर्व वाचकांस, सविस्तर उत्तर देत आहों.

प्रथम चाक गाडीला कसें धरलेलें असतें तें पाहूं. बैलगाडीचें चाक आंसावर सैल फिरतें, आणि तें निसटूं नये म्हणून आंसाच्या टोंकाला एक खीळ मारलेली असते. खीळ गेली कीं चाक गेलें. मोटारीची रचना निराळी आहे. तेथें आंसाच्या टोंकाशीं हब नांवाचा एक गोल, सपाट तोंडाचा भाग असतो. त्या तोंडांतून चार, पांच किंवा सहा पोलादी खुंट बाहेर आलेले असतात. त्यांस स्टड म्हणतात. चाकाचीं भोंकें ह्या स्टडांत ओंवावयाचीं आणि वरून नट आवळावयाचे. कित्येक यूरोपीय गाड्यांत स्टड नसतात. तेथें बोल्टच बाहेरून हबमध्यें पिळले जातात. तत्त्व दोन्हींचें एकच.

पुष्कळांची समजूत अशी असते कीं, गाडीचा सगळा भार ह्या स्टडांवर, म्हणजे खुंटीवर टांगलेल्या अंगरख्याप्रमाणें, लटकत असतो. ही समजूत चुकीची आहे. तिची परीक्षा घरींच करतां येते. पांच-सहा पुस्तकें उभीं एकास एक लावून दोन्ही तळहातांमध्यें घट्ट दाबून धरा आणि उचला. मधलीं पुस्तकें खालून कशानेंही धरलेलीं नसतांना वर येतात. कारण हातांच्या दाबामुळें पुस्तकांपुस्तकांत घर्षण उत्पन्न होतें. हात किंचित् सैल करा, म्हणजे मधलें पुस्तक घसरून पायावर पडेल. मोटारीचें चाकही असेंच धरलेलें असतें. नट आवळल्यामुळें स्टड किंचित् ताणला जातो, आणि तो ताण चाकाला हबच्या तोंडावर दाबून ठेवितो. ह्या दाबांतून निर्माण होणारें घर्षण हेंच गाडीचा भार, ब्रेकचा जोर आणि खड्ड्यांचे हिसके सहन करितें. स्टडाचें काम दाबून धरण्याचें आहे. आडवा मार खाण्याचें नव्हे.

हा दाब केवढा असतो? लहान गाडीच्या १२ मिलिमीटर जाडीच्या स्टडावरील नट सुमारें १०० न्यूटन-मीटर पिळानें आवळतात असें धरूं. हा पीळ म्हणजे एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोंकाला सुमारें १० किलो वजन टांगण्यासारखा आहे. एवढ्या पिळानें एका स्टडांत जवळजवळ ४ टन वजनाइतका ताण येतो. चार नट मिळून तो १६ टनांच्या घरांत गेला. घर्षण त्याच्या सातव्या हिश्शाइतकेंच मिळालें असें मानलें तरी तें दोन टनांहून अधिक होतें. आणि सबंध लहान गाडीचें वजन सुमारें एक टन असतें. म्हणजे नट योग्य आवळलेले असतील तर चाक घसरण्याचें कारण नाहीं. परंतु हा दाब कमी झाला कीं चाक हबवर सूक्ष्म हालूं लागतें, त्या हालण्यानें नट अधिक सैल होतात, आणि स्टडांस तो आडवा मार बसूं लागतो, जो खाण्यासाठीं ते केलेलेच नसतात. मग ते एकामागून एक तुटतात. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट मुद्दाम उलट आट्यांचे केलेले असत. फिरण्याच्या दिशेमुळें नट उकलूं नयेत ही त्यांतील दृष्टि होती. नट सैल होण्याची भीति किती जुनी आहे हें यावरून दिसून येईल.

आतां नवें चाक घेऊं गेल्यास कोणतीं मापें जुळावीं लागतात तें सांगतों. पहिलें माप भोंकांच्या वर्तुळाचें. सर्व भोंकांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास घेतात व तो भोंकांच्या संख्येसह लिहितात. पुष्कळ लहान गाड्यांचें हें माप ४ × १०० असतें, म्हणजे भोंकें चार आणि वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. कित्येक मोठ्या गाड्यांचें ५ × ११४.३ असतें. ११४.३ ही विचित्र संख्या कोठून आली असें मुलें विचारतात. तर ते साडेचार इंच आहेत. तसेंच जुन्या जीपचे १३९.७ मिलिमीटर म्हणजे साडेपांच इंच. चार भोंकें असल्यास समोरासमोरच्या दोन भोंकांच्या मध्यांतील अंतर मोजलें कीं झालें. पांच भोंकांत समोरासमोर जोडी येत नाहीं. तेथें शेजारच्या दोन भोंकांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यास ०.५८८ नें भागावें. असें कां, हें दहावीच्या विद्यार्थ्यांनीं ३६ अंशांच्या कोनाची ज्या काढून स्वतः सिद्ध करावें.

ह्या मापांत 'जवळपास' चालत नाहीं. फियाटच्या कित्येक जुन्या गाड्यांचें वर्तुळ ९८ मिलिमीटरांचें आहे. १०० मिलिमीटरांचें चाक त्यावर लावून पाहिल्यास जोर करून चारही नट बसतातही. परंतु ते तिरपे बसलेले असतात, आणि तिरपा नट टिकत नाहीं. दोन मिलिमीटर म्हणजे पाटीवरील पेन्सिलीच्या टोंकाएवढें अंतर. पण संकटास तेवढी फट पुरे होते.

दुसरें माप चाकाच्या मधल्या भोंकाचें. हबच्या मध्यावर एक गोल ओंठ बाहेर आलेला असतो, आणि मूळच्या चाकाचें मधलें भोंक त्यावर अंगठीसारखें चपखल बसतें. त्यामुळें चाक आपोआप बरोबर मध्यावर येतें. बाजारांतील चाकें अनेक जातींच्या गाड्यांस चालावीं म्हणून त्यांचें मधलें भोंक बहुधा मोठें ठेवलेलें असतें. तेथें राहणारी फट भरून काढण्यासाठीं प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी मिळते. ती कडी न घालतां चाक बसविल्यास चाक किंचित् एका अंगास राहूं शकतें व वेग वाढतांच स्टिअरिंग थरथरूं लागतें.

तिसरें माप ऑफसेटचें, आणि आपल्या चकतीचा जन्म ह्या मापांतूनच झाला आहे. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य काढा. चाक हबला जेथें टेंकतें तो पृष्ठभाग ह्या मध्यापासून जितका दूर, तितका त्या चाकाचा ऑफसेट. पृष्ठभाग मध्यापेक्षां बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडील अंगास असेल तर ऑफसेट धन. आंतल्या, म्हणजे इंजिनाकडील अंगास असेल तर ऋण. चाकाच्या आंतल्या बाजूस 'ईटी ४५' अशीं अक्षरें उमटविलेलीं असतात. त्यांचा अर्थ धन ४५ मिलिमीटर. धन ऑफसेट जितका अधिक, तितकें चाक गाडीच्या पोटांत आंत जातें. जितका कमी, तितकें बाहेर येतें.

आतां एक उदाहरण सोडवूं. मूळचें चाक साडेपांच इंच रुंद व ऑफसेट ४५ आहे. नवें चाक सात इंच रुंद व ऑफसेट ४० आहे. जुन्या चाकाची अर्धी रुंदी ६९.८५ मिलिमीटर, तींत ४५ मिळवले म्हणजे त्याची आंतली कड हबच्या तोंडापासून सुमारें ११५ मिलिमीटर आंत गेली. नव्याची अर्धी रुंदी ८८.९, अधिक ४० म्हणजे सुमारें १२९. अर्थात् नवें चाक आंतल्या बाजूस १४ मिलिमीटर अधिक घुसलें. तेथें स्प्रिंगच्या नळीपर्यंत जागा १२ मिलिमीटरच होती, तर चाक नळीवर घासणार. येथें दुकानदार म्हणतो, "काळजी करूं नका, मध्यें ५ मिलिमीटरांची चकती घालूं." ऑफसेट ४० चा ३५ झाला, चाक ५ मिलिमीटर बाहेर आलें, आंत ३ मिलिमीटर फट राहिली. पण बाहेरच्या बाजूचा हिशोब कोणी करीत नाहीं. जुनी बाहेरची कड हबच्या तोंडापासून सुमारें २५ मिलिमीटर बाहेर होती, नवी ८८.९ वजा ३५ म्हणजे सुमारें ५४ झाली. चाक २९ मिलिमीटर बाहेर आलें. चकती पांचाचीच होती. बाकीचे चोवीस रुंद चाकानेंच आणले होते. खड्ड्यांत गाडी दबली, किंवा मागें तीन माणसें बसलीं, कीं टायर मडगार्डाच्या कडेवर कापला जाणार.

ह्या चकत्या दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार साध्या चकतीचा, म्हणजे स्पेसरचा. भोंकें असलेली ही सपाट थाळी स्टडांत ओंवून तिच्यावर चाक ठेवितात आणि मूळच्याच स्टडांवर नट आवळतात. दुसरा प्रकार अडॅप्टरचा. हा जाड असतो. बहुधा २० ते २५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक. तो प्रथम स्वतःच्या नटांनीं हबला घट्ट करावयाचा. मग त्याच्यांतून निघालेल्या दुसऱ्या स्टडांवर चाक बसवावयाचें. दुसऱ्या स्टडांचें वर्तुळ निराळें ठेवतां येत असल्यामुळें १०० मिलिमीटरांच्या हबवर ११४.३ चें चाक बसविण्याचें कामही त्याच्याकडून होतें.

साध्या चकतीचा मोठा धोका आट्यांत आहे. नटानें स्टडाला किती लांबीवर पकडलें आहे, यावर सर्व कांहीं अवलंबून असतें. कारागिरांचा ठोकताळा असा कीं, स्टड जितका जाड, निदान तितक्या लांबीवर तरी नटाची पकड हवी. १२ मिलिमीटर जाडीचा स्टड, आणि एका फेऱ्यास नट दीड मिलिमीटर पुढें सरकतो, तर नट निदान आठ फेरे बसला पाहिजे. समजा मूळच्या चाकावर तो दहा फेरे बसत होता. मध्यें १० मिलिमीटरांची चकती घातली. त्या चकतीनें जवळजवळ सात फेरे खाल्ले. शिल्लक राहिले तीन. बाहेरून पाहणाऱ्यास नट घट्ट दिसतो, पानाही 'कट' असा आवाज करितो. परंतु चार टन ताण तीन फेऱ्यांच्या आट्यांवर आलेला असतो. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. यासाठींच चकती घालावयाची तर तेवढेच लांब स्टड किंवा तेवढेच लांब बोल्ट घालणें अवश्य आहे. उलट, चकती काढून टाकल्यावर ते लांब बोल्ट तसेच ठेवले तर ते मागें निघून ब्रेकच्या भागांवर आदळतात. म्हणून तेही तत्काळ बदलले पाहिजेत.

दुसरा धोका मध्य चुकण्याचा. हबचा ओंठ लहानसाच असतो. आठ-दहा मिलिमीटरांची साधी चकती तो ओंठ सगळाच झांकून टाकते, आणि मग चाकाला मध्य दाखविणारें कांहींच उरत नाहीं. म्हणून चांगल्या चकतीच्या बाहेरच्या तोंडावर तसाच दुसरा ओंठ घडविलेला असतो. बाजारांत मिळणारी, अनेक मापांचीं लांबट भोंकें असलेली, 'सर्व गाड्यांस चालणारी' चकती मात्र कोणत्याच गाडीला नीट बसत नाहीं.

तिसरी गोष्ट पुस्तकांच्या प्रयोगावरून समजेल. चकती नसतांना हब व चाक यांत एकच सांधा असतो. चकती घातली कीं दोन होतात. अडॅप्टर असेल तर नटांचे संचही दोन होतात, आणि त्यांतील आंतला संच चाकामागें लपलेला असल्यामुळें चाक काढल्यावांचून तपासतां येत नाहीं. प्रत्येक सांध्यांत गंज, रंग किंवा वाळूचा कण राहिला तर तो पहिल्या कांहीं मैलांत चेंगरतो, आणि तेवढ्यानें नटांचा ताण उतरतो.

चौथी गोष्ट तरफेची. पाण्यानें भरलेली बादली अंगाजवळ धरून उभे राहा, आणि मग तीच हात लांब करून धरा. वजन तेंच, पण खांद्यास फरक कळतो. एका चाकावर ३०० किलो भार असून चाकाचा मध्य ३० मिलिमीटर बाहेर सरला तर हबच्या बेअरिंगवर ९ किलोग्रॅम-मीटर इतका जादा वांकविणारा जोर सदैव राहतो. बेअरिंग लवकर झिजतें. पुढच्या चाकांच्या बाबतींत आणखी एक परिणाम होतो. स्टिअरिंग ज्या रेषेभोंवतीं चाक वळवितें, त्या रेषेपासून टायरचा मध्य दूर गेल्यामुळें खड्ड्याचा प्रत्येक धक्का हातापर्यंत येतो, आणि एक चाक वाळूंत व एक डांबरावर असतांना ब्रेक दाबल्यास गाडी एका बाजूस ओढली जाते.

येथें न्यायाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा चौथा दोष केवळ चकतीचा नव्हे. ३० मिलिमीटर कमी ऑफसेटचें चाक विनाचकतीचें बसविलें तरी बेअरिंगवर तोच जोर येतो. "चकती वाईट, म्हणून मी बाहेर आलेलें चाकच घेतलें," असें म्हणणाऱ्यानें आटे वांचविले, पण बेअरिंग वांचविलें नाहीं. तसेंच चकती म्हटली कीं अपघात, असेंही नाहीं. जर्मनींतील पोर्श कंपनीनें आपल्या कांहीं ९११ गाड्यांस कारखान्यांतूनच चकत्या बसवून दिल्या आहेत. मोठे ब्रेक घातल्यावर चाकाच्या आऱ्या त्यांस घासूं नयेत म्हणूनही चकती कामास येते. त्या कारखान्यांत चकती, स्टड, चाक व बेअरिंग यांचा हिशोब एकत्र केलेला असतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला तासाभरांत जें होतें त्यांत हिशोब कोणाचाच नसतो. भेद एवढाच, पण तो फार मोठा आहे.

हें सर्व आम्हीं केवळ पुस्तकें वाचून लिहिलेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें आपली पहिली नोकरी लागल्यावर जुनी गाडी घेतली व तिला रुंद चाकें घातलीं. चाकें आंत घासूं लागलीं, तेव्हां एका गॅरेजांत, ज्याचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, त्याला १० मिलिमीटरांच्या चकत्या बसवून मिळाल्या. स्टड मूळचेच ठेवले होते. पुढें दोन आठवड्यांनीं तो आईवडिलांस व लहान बहिणीस घेऊन कुंभार्ली घाटानें चिपळुणास निघाला. आम्हांपैकीं एक जण त्याच गाडींत होता. घाट उतरूं लागल्यावर डाव्या बाजूनें 'टक, टक' असा आवाज येऊं लागला. वेग कमी केला कीं आवाज कमी होई. मुलगा म्हणाला, "टायरांत खडा अडकला असेल." वडील आयुष्यभर एस्.टी.च्या कार्यशाळेंत काम केलेले. ते मागच्या बाकावरून इतकेंच म्हणाले, "बाळ, खडा वळणावर आवाज बदलत नाहीं. गाडी उभी कर."

गाडी उभी केली. पुढच्या डाव्या चाकाच्या चार नटांपैकीं एक नाहींसा झाला होता, दोन बोटांनीं फिरत होते, आणि चौथा तेवढा कसाबसा धरून होता. चाक काढून पाहिलें तों भोंकें अंडाकृति झालेलीं, आणि स्टडांचे शेवटचे तीन आटे सोलून निघालेले. पलीकडे दरी होती. आम्ही सर्व जण बराच वेळ कांहीं बोललों नाहीं. वडिलांनीं मुलाला एक शब्दही रागानें विचारला नाहीं. त्यांनीं तो सोललेला नट रुमालांत बांधून त्याच्या हातीं दिला. तो नट अजून त्याच्या मेजावर असतो. चकत्या काढून टाकल्या, स्टड नवे घातले आणि मूळचीं लोखंडी चाकें परत आलीं. गाडी पूर्वींपेक्षां साधी दिसते, आणि आईवडील तींत निर्धास्त बसतात.

यावरून आमच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं काय लक्षांत ठेवावें? प्रथम हें कीं, उत्तम उपाय म्हणजे चकतीची गरजच पडूं न देणें. चाक घेण्यापूर्वीं भोंकांचें वर्तुळ, मधलें भोंक आणि ऑफसेट हीं तीन मापें कागदावर लिहून न्यावीं, आणि रंग त्यानंतर पाहावा. चकती अपरिहार्यच असेल तर ती त्याच गाडीच्या मापाची, ओंठ असलेली, यंत्रावर नीट सपाट केलेली असावी. लांबट भोंकांची नसावी. साध्या चकतीबरोबर लांब स्टड अवश्य. अडॅप्टर असल्यास मूळचे स्टड त्याच्या तोंडाबाहेर डोकावतां कामा नयेत. नाहीं तर चाक त्या टोंकांवर टेंकतें आणि खाली पोकळी राहते. एकावर एक दोन चकत्या कधींही घालूं नयेत. नटाची बैठक चाकाच्या बैठकीशीं जुळली पाहिजे; शंकूच्या आकाराचा नट वाटोळ्या बैठकीवर, किंवा वाटोळा शंकूच्या बैठकीवर, कडेवरच टेंकतो व सुटतो.

बसवितांना हब तारेच्या ब्रशानें घासून स्वच्छ करावा. निर्मात्यानें सांगितलें नसेल तर आट्यांस तेल लावूं नये. कारण तेल लावल्यावर त्याच पिळानें स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो. नट समोरासमोर, एकाआड एक असे आवळावे, आणि शेवटचा पीळ माप दाखविणाऱ्या टॉर्क पान्यानें, गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या आंकड्यापर्यंत द्यावा. पायानें पान्यावर उभें राहणें हें माप नव्हे. पुढें सुमारें ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर सर्व नट पुन्हां तपासावे. शेवटीं, स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून आणि गाडींत माणसें बसवून, टायर कोठें घासतो कां तें पाहावें.

कायद्याकडेही दुर्लक्ष करूं नये. आपल्या देशांत मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वयें, निर्मात्यानें मुळांत दिलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फरक मालकानें गाडींत करावयाचा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें ह्या कलमाचा अर्थ कसोशीनें लावला आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी अशा फेरफारावर बोट ठेवूं शकते. जर्मनींत चकतीला मान्यताप्राप्त तपासणीचें प्रमाणपत्र लागतें. ऑस्ट्रेलियांतील नियमांनीं तर, निर्मात्यानें मुळांतच दिलेली नसेल तर, हब व चाक यांमध्यें चकती घालण्यास मनाई केली आहे.

आतां त्या तीन मुलांकडे वळतों. पहिल्यानें विचारलें, ही चकती कसली; त्याला उत्तर मिळालें आहे. दुसऱ्याला आमचें सांगणें असें कीं, हा लेख दादाला वाचून दाखवावा, व नट किती फेरे बसतो तें दोघांनीं मिळून मोजावें. मोजतांना फेरे मोठ्यानें म्हणावे. आठ होण्याआधींच नट टेंकला तर तें काम तेथेंच थांबवावें. तिसऱ्याच्या बाबांचें म्हणणें अगदीं निराधार नव्हतें. तरी चाक चकतीनें जात नाहीं, न केलेल्या हिशोबानें जातें, असें त्यानें घरीं सांगावें.

गाडीचें चाक दोन बोटें बाहेर आल्यानें गाडी जरा ऐटदार दिसेल, हें आम्हांसही मान्य आहे. पण गाडींत जीं माणसें बसतात तीं चाकाकडे पाहत नसतात. आई खिडकींतून बाहेर पाहत असते, बहीण झोंपलेली असते, आणि त्यांचा सगळा विश्वास चालविणाऱ्यावर असतो. तो विश्वास अखेर चार नटांच्या थोड्याशा आट्यांवर उभा असतो, हें ज्याला कळलें तो पान्याचें काम कधींही घाईनें करणार नाहीं.